हुसनाबायची गोरखचिंच

हे जे खाडीच्या काठावर गोरखचिंचेचं झाड दिसतंय, त्याचा बुंधा कवेत घ्यायला नऊ माणसं लागतात. जरा जवळ येऊन बघा. हे एक झाड नाही. पाच खोडं एकमेकांना खेटून वाढली आणि वाढता वाढता एक झाली. आमच्या या गावात, मोरदांड्यात, कुठलंही झाड असं दाटीनं कोणी लावत नाही. मग हीच पाच एका मुठीएवढ्या जागेत कशी आली, ते आमच्यात असं सांगतात.

फार पूर्वी, शिडाची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इकडे येत, त्या काळातली गोष्ट. अशाच एका गलबतावरून हुसना नावाची हबशी बाई आपल्या खलाशी नवऱ्याबरोबर निघाली होती. नवरा वाटेतच तापानं गेला. नाखव्यानं तिला आमच्या खाडीत उतरवलं आणि गलबत पुढे निघून गेलं. तिच्याजवळ एक गाठोडं होतं आणि त्यात दोन फळं. नारळाएवढी, कठीण कवचाची, वरून मखमलीसारखी लव. तिची आई तिकडे झाडपाल्याचं औषध देई. निघताना तिनंच ती लेकीच्या ओटीत घातली होती.

किनाऱ्यावर हिरूबाय नावाची कोळीण मासळी वाळत घालत होती. तिनं हुसनाला काठावरच्या आपल्या घरी नेलं, जेवू घातलं, आणि मागच्या परड्यात झोपडी बांधून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी वर्षभरात त्या भांडायलाही लागल्या होत्या म्हणे, म्हणजे किती जवळ आल्या असतील बघा.

हुसनानं पहिलं फळ फोडून बिया पेरल्या. तीन पावसाळे गेले, एकही उगवली नाही. तिच्या मुलखात हे झाड कोणी लावतच नसे. ते रानात आपलं आपण यायचं. माणसांनी फक्त पाल्याची भाजी करायची, फळातला आंबट पांढरा गर पाण्यात कालवून तापाला, हगवणीला द्यायचा. पेरायचं कसं हे तिला तिच्या आईनंही शिकवलं नव्हतं, कारण आईला ते कधी लागलंच नव्हतं. मग हुसनानं शपथ घेतली, की बी रुजवायची रीत कळेपर्यंत दुसरं फळ फोडायचं नाही. ते तिनं आढ्याला टांगून ठेवलं. तिला इथं येऊन अकरा वर्षं झाली तरी ते तिथंच होतं.

त्या वर्षी चैत्रात गावात हगवणीची साथ आली. विहीर आटत आली होती, पाणी गढूळ झालं होतं. हिरूबायची सात वर्षांची चांगुणा चार दिवसांत वाळून काडी झाली. पोटात काही ठरेना. हुसना उशाशी बसून होती. शेवटी ती उठली आणि आढ्याचं फळ काढून घेऊन आली.

हिरूबायनं तिचा हात धरला. "मोडू नको," ती म्हणाली. "तुझे आयशीची खूण हाय ती."

हुसना म्हणाली, "माझे आयशीनं जपायला नाय दिली. आजाऱ्याला द्यायला दिली."

आणि तिनं ते पाट्यावर आपटून फोडलं.

गर पाण्यात कालवून चांगुणाला ती घोट घोट पाजत राहिली. दुसऱ्या दिवशी पोरीच्या पोटात पाणी ठरलं, तिसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली. तोवर झोपडीपुढं गाव उभं होतं. हुसनानं कोणाला परत पाठवलं नाही. गर संपला, तेव्हा बियांना चिकटलेला उरलासुरला सोडवायला तिनं त्यांच्यावर कढत पाणी ओतलं, रात्रभर तसंच झाकून ठेवलं आणि सकाळी ते पाणीही वाटलं. दोघं म्हातारे गेले, बाकीचे सावरले. उरलेल्या चोथ्याकडे मात्र तिला बघवेना; आईनं दिलेल्या शेवटच्या बियाही आपण कढत पाण्यानं मारल्या, असं तिला वाटलं. तिनं तो मोरीच्या मागं ओतला आणि आत जाऊन पडली.

पुढचे काही दिवस ती झोपडीतून फारशी बाहेर पडली नाही. हिरूबाय रोज तिच्या मोरीवर तिची भांडी घासायला येई. तीनेक आठवडे झाले असतील. एका सकाळी हिरूबायनं भांडी तशीच टाकली आणि हुसनाला हाताला धरून मागं नेलं. चोथ्याच्या ढिगातून पाच कोंब वर आले होते.

हुसना खाली बसली. लहानपणी आईच्या मागून रानात हिंडताना पाहिलेली ती जाड, गुळगुळीत पानं तिनं ओळखली. अकरा वर्षं जी रीत ती शोधत होती, ती बियांचं कठीण कवच नरम करणाऱ्या त्या कढत पाण्यात होती. तिनं हिरूबायच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि नवरा गेल्यावर रडली नव्हती इतकी रडली, असं सांगतात. रोपं उपटून वेगळी लावावीत तर मरतील या धास्तीनं तिनं पाचही तिथंच राहू दिली.

झाडाला पहिलं फळ आलं, तेव्हा तिचे केस पिकले होते आणि चांगुणा दोन लेकरांची आई झाली होती. ते फळ चांगुणानं फोडलं आणि हुसनाबायच्या देखत बियांना कढत पाण्यात भिजत घातलं. "रानात हे आपलं आपण येतं," हुसनाबाय म्हणाली म्हणे, "इथं त्याला माणूस लागतं."

तिची कबर पलीकडे आहे, त्या दगडी कट्ट्यापाशी. आमचे कोळी आणि सिद्दी, दोघंही तिथं दिवा लावतात.

आजही मोरदांड्यात या झाडाचं फळ औषधाला नेलं, तर बिया फेकत नाहीत. बाळाला न्हाऊ घालतात तशी घरातली आई त्या बियांना कढत पाण्यात न्हाऊ घालते, आणि दुखण्यातून उठलेलं माणूस घराबाहेर पहिलं पाऊल टाकतं ते रोप लावायला. पुढं पाणीही त्यानंच घालायचं. टेकडीवर जी चाळीसेक झाडं दिसतात, ती सगळी अशी.

कडेचं ते गुडघ्याएवढं माझं. गेल्या साली मी महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो. त्याला फुलायला वीस वर्षं तरी लागतील आणि मला आता एक्याऐंशीवं लागलंय. पण पाणी मीच घालतो, रोज.