हंसाची मान

“पाठ लिहायचा नाही. बदलायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

मठात जुनी मराठी शिकायला गेले, त्या पहिल्याच सकाळी निवृत्तीबुवांनी हे सांगितलं.

मी विचारलं, “का?”

बाकीची मुलं हसली. बुवा हसले नाहीत.

पाठ एका दिव्याचा होता. मठाच्या ओसरीत तुळईच्या कडीला एक लामणदिवा टांगलेला असायचा. बुवा लहान असताना तो चोरीला गेला. तेव्हापासून मठात जो कुणी भाषा शिकायला येईल, त्यानं आधी त्या हरवलेल्या दिव्याचं वर्णन तोंडपाठ करायचं. ओव्या नंतर. व्याकरण नंतर.

“पितळेचा हंसु. मान मागें. डावा पंखु उणा…”

मी भाषेची पदवी घेऊन आले होते. मला हा पोरखेळ वाटला.

“बुवा, जो दिवा नाहीच, तो कशाला घोकायचा?”

“वर बघ. काय दिसतं?”

“कडी. रिकामी.”

“रिकामी कुठंय?” एवढंच म्हणून बुवा पुढच्या मुलाकडे वळले.

मी चिडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. जिल्ह्यात जुनी भाषा शिकवणारं दुसरं होतं कोण?

पुढे बुवांची दृष्टी गेली आणि वर्ग माझ्याकडे आला. पाठही आला. नवी मुलं विचारत, “मॅडम, हंस मागे का बघतो?” मला उत्तर येत नसे. एकदा मुलांना सोपं जावं म्हणून मी ‘उणा’च्या जागी ‘तुटका’ म्हटलं. मठाचे अध्यक्ष भुजंगराव दुसऱ्याच दिवशी चप्पल न काढता ओसरीत आले. पाठाला हात लावला तर मठाची पायरी चढू देणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगून गेले.

यंदा दिवा सापडला.

शहरात एका व्यापाऱ्याच्या गोदामावर धाड पडली. मूर्ती, घंटा, समया… आणि हंस असलेला एक लामणदिवा. पुरातत्त्व खात्याच्या साळवीबाई तो घेऊन मठात आल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं तो कडीला टांगला. कडीत तो बरोबर बसला.

“उंबरवाडीची माणसंही हा दिवा आपला म्हणतात,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे पुरावा नाही. तुमच्याकडे निदान पाठ आहे. तुमची मुलं म्हणू देत. जुळला तर दिवा इथंच राहील.”

“आधी जेवून घ्या,” भुजंगराव म्हणाले आणि त्यांना आपल्या घरी पाठवून दिलं. स्वतः मात्र गेले नाहीत.

मी वर बघितलं. हंस सुरेख होता. दोन्ही पंख धड. मान सरळ, नजर समोर.

बाहेर पायरीवर उंबरवाडीचं म्हातारं जोडपं उन्हात बसलं होतं. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

“केतकीबाई,” भुजंगराव म्हणाले. ते मला ‘बाई’ म्हणाले, तेव्हाच त्यांना माझ्याकडून काहीतरी हवंय हे कळलं. “मुलांना सांगा. ‘मागें’च्या जागी ‘पुढें’. आणि ते पंखाचं गाळून टाका.”

“पाठ बदलायचा नाही ना?”

“आगाऊपणा पुरे.”

“तुम्हीच म्हणाला होतात. चप्पल घालून.”

सगळ्यात वडील विश्वस्त खंडूतात्या खाकरले. “पोरी, तुला हा पाठ कधी आवडला? पहिल्या दिवसापासून कुरकुरतेस. आज आम्हीच बदल म्हणतोय, तर आता अडून बसलीस?”

मी पुन्हा वर हंसाकडे बघितलं.

“आणि बुवांकडे बघ,” तात्या हळू आवाजात म्हणाले. “जन्मभर वाट बघितली त्यांनी. ती कडी भरलेली बघून जाऊ दे त्यांना.”

बुवा खांबाला टेकून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागलीय.

“बघून कसला जातोय,” बुवा म्हणाले. “हात लावून जाईन. आणा जवळ.”

दिवा उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवला. बुवांची बोटं हंसाच्या चोचीवरून फिरली, मानेवरून खाली आली. मग मागे गेली. वळलेली मान जिथं असायला हवी होती, तिथं हवेतच थांबली.



“छान घडवलाय,” ते म्हणाले.

“मग, बुवा?” भुजंगराव पुढे सरकले.

“टांगा परत.”

कडी करकरली. भुजंगरावांनी माझ्याकडे विजयानं बघितलं.

मी बुवांच्या शेजारी बसले. “परीक्षा घेताय माझी?”

“नाही गं.”

“मग हा आपला दिवा नाही, हे कळलं ना हाताला?”

“कळलं.”

“मग?”

“थकलोय मी, केतकी.” त्यांनी डोकं खांबाला टेकवलं. “मुलं म्हणतात, मी ऐकतो. तुझ्याआधीची म्हणायची, त्यांच्याआधीची म्हणायची. सगळ्यांना मी त्या कडीखाली बसवलं. आता वाटतं, कुणीतरी एकदा वात लावावी. कोणत्याही दिव्यात.” ते थांबले. “म्हणू दे त्यांना ‘पुढें’.”

मला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. इतकी वर्षं मला हा माणूस एकदा तरी हरायला हवा होता. आणि आज तो हरला, तर मला ते बघवेना.

मुलं ओळीनं बसली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुढच्या रांगेतली नसरीन हळूच म्हणाली, “मॅडम, मग कुठलं म्हणायचं?”

तेवढ्यात साळवीबाई जेवून परतल्या. त्यांच्यामागून उंबरवाडीची दोघंही आत आली आणि दारापाशी अंग चोरून उभी राहिली. म्हातारीनं वर बघितलं. तिनं हंसाला हात जोडले.

“हं, होऊ द्या सुरू,” साळवीबाई म्हणाल्या.

भुजंगराव माझ्या कानाशी आले. “दिवा राहिला तर वर्गही राहील. समजलीस?”

मला समजलं होतं. जिल्ह्यात दुसरी जागा नव्हती. मलाही आता दुसरं काही येत नव्हतं.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि दिवा कडीतून काढला. जड होता. खाली उतरून तो साळवीबाईंच्या हातात दिला.

“म्हणा,” मी मुलांना सांगितलं. “जसा शिकवलाय तसा.”

नसरीननं सुरुवात केली आणि बाकीचे तिच्या आवाजात मिसळले.

“पितळेचा हंसु. मान मागें. डावा पंखु उणा…”

साळवीबाईंनी हातातल्या हंसाकडे बघितलं. सरळ मानेकडे, धड पंखांकडे. मग दारातल्या म्हातारीकडे. “आजी, तुमचा हंस कसा होता?”

“म्होरं बघायचा,” म्हातारी म्हणाली. “देवाकडं.”

पाठ शेवटाला आला. मी बुवांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मुलांबरोबर तेही म्हणत होते, ‘मागें’सुद्धा. गालावरून पाणी ओघळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

उंबरवाडीचं जोडपं दिवा पदराखाली झाकून साळवीबाईंबरोबर निघून गेलं. ओसरीत मुलं, बुवा आणि विश्वस्त उरले.

“वा!” भुजंगरावांचा आवाज फाटला. “घरी आलेली लक्ष्मी हाकलून दिलीस. झालं समाधान? बुवांना शेवटी काय दिलंस? ही रिकामी कडी?”

खंडूतात्या म्हणाले, “माफी माग, पोरी. बुवांची तरी माग.”

बुवांनी मान वळवली. मी काय म्हणते ते ऐकायला.

वर कडी वाऱ्यानं हलत होती.

“नाही मागणार,” मी म्हणाले. “आणि रिकामी कुठंय?”