तेल धरणारी पकड

“मग सगळ्यांत भारी पकड कुणाची, वस्ताद? सांगा ना!”

मिरजेच्या तालमीत, कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभा राहून सुधन्वा विचारत होता. पूर्वी इथला पैलवान, आता मोठा शास्त्रज्ञ. अंगात परदेशी कोट, पायांत बूट. सगळं मिळालं होतं. बाळेखान वस्तादांची शाबासकी तेवढी राहिली होती.

ती कुणालाच मिळालेली नव्हती. वस्ताद तेल चोळून बसले की खांद्यावरून माशीसुद्धा घसरून पडायची, आणि तिलाही ते म्हणायचे, “पुन्हा ये.” मी स्वतः ऐकलंय.

“तूच सांग की लेका.” वस्तादांनी तेलाचा डबा हौद्यातल्या तांबड्या मातीवर उपडा केला. रिवाजच तो. ताक, हळद, तेल पाजल्याशिवाय माती मऊ पडत नाही.

“पेशीत सगळं पाणी, वस्ताद. तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही. पण एका प्रथिनात खोबण असते, ती तेलाचा कण बरोब्बर धरते. ती पकड मी शोधली! झाडांत तीच, बुरशीत तीच, जंतूंत तीच. माणसातली अर्थात सगळ्यांत सफाईदार.”

“जंतू कसले?”

“अहो, साधे. मातीतले. त्यांची आपली ओबडधोबड.”

“ह्या मातीतले?”

“हो... ह्यातलेही.”

“मग तुझी सफाईदार कुठनं आली?”

“फार जुना एक जीव होता. त्याची पकड. त्याच्यापासूनच ते आले आणि आपणही.”

“म्हणजे एकाच वस्तादाचे पठ्ठे.”

“तसंच म्हणा.”

“आज्यापासून आम्ही हितं तेल ओततोय. जातं कुठं?”

“ते जंतू धरतात. खातात.”

“वर कधी तवंग दिसला तुला?”

“नाही...”

मग सुधन्वानं बूट काढले, कोट खुंटीला अडकवला. आल्याबरोबर करायचं राहिलं होतं ते आता केलं: चिमूटभर माती कपाळाला लावली. आणि वस्तादांपुढं पाठ वाकवून उभा राहिला. वाट बघत.

वस्तादांचा पंजा वर गेला. जोर काढणारी पोरं अर्ध्यात थांबली. वरच्या वळचणीतलं कबूतरसुद्धा घुमायचं थांबलं, शप्पथ.

पंजा पाठीच्या बाजूनं खाली आला आणि थाप मातीवर पडली.

“शाब्बास, पठ्ठ्यांनो!”