कोल्ह्याच्या कातळावरची चंडोल

त्या माळावर गाणारे होते, ऐकणारेही होते. पण सगळ्यांनी एकत्र बसून ऐकावं अशी जागा नव्हती. ती कोल्ह्याने काढली. मधोमध एक सपाट कातळ होता. ज्याला गाता येतं त्याने तिथे गावं, आवडलं तर ऐकणाऱ्याने त्याच्यापुढे एक खडा ठेवावा, आणि येताना कोल्ह्यासाठी दोन बोरं आणावीत, एवढाच नियम होता.

पहिल्या हंगामात एक लंगडा भारद्वाज आला आणि त्याच्या घुमत्या आवाजाने अख्खा माळ गप्प झाला. म्हातारी घोरपडसुद्धा बिळातून बाहेर येऊन बसली. काय आवाज आहे, काय आवाज आहे, असं म्हणतच सगळे घरी गेले. कोल्ह्याला मात्र वाटलं, ही गर्दी लंगड्या पायाने खेचली! अरे, कुणा गाढवालाही कळलं असतं की ती गळ्याने खेचली. पण बोरांच्या राशीवर बसलेल्याला सांगणार कोण?

दुसऱ्या हंगामापासून गाण्याआधी आपलं दुःख सांगायची पद्धत पडली. दुःख लांबत गेलं, गाणं आखूड होत गेलं. परीक्षक म्हणून मोर आणून बसवला. त्याला स्वतःला धड गाता येत नव्हतं, पण डोळे पुसायला पिसारा मोठा होता.

त्याच हंगामात मंजी नावाची चंडोल आली. वडिलांनी शिकवलेलं पहाटेचं गाणं एकदा तरी सगळ्या माळाला पूर्ण ऐकवायचं, एवढीच तिची इच्छा होती. चंडोलाचं गाणं उडत म्हणायचं असतं. सूर चढेल तशी चंडोल आभाळात चढते, ठिपक्याएवढी होते, आणि शेवटची ओळ खाली येता येता संपते.

"छे छे, कातळ सोडायचा नाही," कोल्हा म्हणाला. "वर गेलीस तर डोळ्यातलं पाणी कुणाला दिसणार? बरं, दुःख काय आहे तुझं?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"असं कसं चालेल, बाळ? वडील?"

"आहेत की. ऐकायला येणार आहेत."

"नाहीत म्हण. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. नाहीतर चालू लाग, तुझ्यामागे चाळीस जण उभे आहेत."

मंजीला लाज वाटली. पण इथवर येऊन गाणं तसंच परत न्यायचं तिच्या जिवावर आलं. ती कातळावर चढली आणि वडील गेल्याचं सांगताना खरंच रडली, कारण खोटं बोलण्याचं दुःख तरी खरं होतं. मग बसल्या बसल्या दोन ओळी म्हटल्या. खड्यांचा ढीग लागला.

पुढच्या रांगेत ससा हमसून रडत होता. शेजारच्या म्हाताऱ्या चंडोलाला तो म्हणाला, "बिचारी पोर, बापाविना वाढली हो!"

"नाही, नाही," म्हातारा भाबडेपणाने म्हणाला. "मीच तिचा बाप."

एकच गलका झाला. दुसरा कुणी असता तर शरमेने बिळात शिरला असता. कोल्ह्याने म्हाताऱ्याला धरून कातळावर ओढलं आणि ओरडला, "मेलेला बाप परत आला! बघा चमत्कार!" मोराने पुन्हा डोळे पुसले.

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. "मंजे," तो म्हणाला, "पण गाणं कधी म्हणणार होतीस?"

मंजी कातळावरून खाली उतरली.

"आम्हाला काय खुळे समजता?" म्हणत घोरपड उठली, मग बाकीचे उठले. पुढे कोल्ह्याने दुःखं वाढवली. एकाच्या घरात तीन मयती, दुसऱ्याचं जळालेलं घरटं. तरी गर्दी जमेना तेव्हा, माळाला गाण्याची चाडच उरली नाही, असा उलटा कांगावा करत तो मोराला घेऊन दुसऱ्या माळावर गेला. निर्लज्जाला जागेची काय कमी!

हिवाळ्यात मंजीचे वडील खरोखरच गेले. पहाटे ती आभाळात चढली आणि त्यांचं गाणं तिने पहिल्यांदा, एकही ओळ न गाळता, साऱ्या माळावर म्हटलं. शेवटची ओळ खाली येता येता संपली.

खाली ससा आणि सशीण गवत खात होती. सशिणीने कान वर केले.

"कोण गेलं म्हणे हिचं?"

"बाप."

"परत?"

"हो. पण मागच्यापेक्षा आज रडणं बरं जमलंय," ससा म्हणाला, आणि दोघं पुन्हा गवत खाऊ लागली.