तोंड गोड करून घेणारी घोडी

मुलांनो, जंगल जिथं संपतं आणि उसाचे मळे जिथं सुरू होतात, अशा एका डोंगराच्या पायथ्याशी एक तांबूस घोडी आणि तिचं शिंगरू राहायचं. एकदा वणवा पेटला असताना या घोडीनं पुढं होऊन सगळ्या प्राण्यांना वाट दाखवली होती. तेव्हापासून तिथं रीतच पडून गेली, की कुणाकडं काही चांगलं घडलं तर आधी घोडीचं तोंड गोड करायचं. माकडिणीला पिल्लू झालं, तिनं गुऱ्हाळातून गुळाचा खडा पळवून आणला. मुंगसानं नवं बीळ केलं, त्यानं उसाचं कांडं ओढत आणलं. हरणाचा मोडलेला पाय बरा झाला, ते मोहाची फुलं घेऊन आलं. आनंदानं दिलेलं नको म्हणणं म्हणजे अपशकुनच! घोडी खायची, मान डोलवायची, आणि देणारा म्हणायचा, "एवढ्याशानं काय होतंय?" असं सगळेच म्हणायचे. आता एवढं मोठं जंगल, तिथं रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी चांगलं होणारच की!

अस्वलानं तर कमालच केली. ओढ्याकाठी एक खारा खडक होता. घोडी रोज तिथं जायची, चारदा जीभ फिरवायची आणि अंगाला हवं तेवढं मीठ मिळालं की चालू लागायची. अस्वलाला वाटलं, बिचारी नुसतं खारट चाटते! त्यानं अख्ख्या खडकाला मध माखला. झालं! चारदा फिरून थांबणारी जीभ आता ऊन डोक्यावर आलं तरी थांबेना. गवत बाजूलाच राहिलं.

उन्हाळा तोंडावर आला. ओढा आटू लागला की सगळे प्राणी खिंड ओलांडून पलीकडच्या नदीवर जायचे. जो मागं राहील त्याला ना चारा, ना पाणी. आणि नेमकी त्याच वेळी घोडी लंगडू लागली. पुढचे दोन्ही खूर तापले होते. पाऊल टाकलं की निखाऱ्यावर पडल्यासारखं व्हायचं. शिंगरू तिला बिलगून म्हणालं, "आई, तू नाही आलीस तर मीपण जाणार नाही." हे ऐकून घोडी काटा रुतलाय का म्हणून पुन्हा पुन्हा खूर उचलून बघू लागली.

तिच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपणारा कावळा म्हणाला, "सारखी खुरात काय बघतेस? काटा नाही तो, गूळ आहे. घोड्यानं गोडाचा अतिरेक केला की तो खुरांना भोवतो."

"अरे, पण एकेकानं एवढंसंच तर दिलं!"

"देताना एकेकानं एवढंसं दिलं, बाई. पोटात मात्र सगळ्यांचं एकत्र गेलं ना!"

घोडीला राग आला. कावळ्याचा नाही, स्वतःच्या जिभेचा. तेवढ्यात अस्वल पोळं घेऊन डुलत डुलत आलं. "ताई, माझा भाचा आज पहिल्यांदा झाडावर चढला! चल, तोंड गोड कर."

"भाच्याला माझा आशीर्वाद सांग, दादा. मध मात्र नको."

"अगं, आनंदाचं नाकारू नये! आमची माया जड झाली का तुला?"

"माया नाही रे, मध जड झाला. मला या लेकराला घेऊन खिंड चढायची आहे. खरंच माया असेल तर त्या खडकावरचं सगळं साफ करून दे."

अस्वल फुरंगटलं, पण होतं मायाळू. आणि खडक साफ करायला त्याला पाणी कशाला लागतंय? बसलं चाटत!

मग घोडीनं कंबर कसली. ओढ्याच्या उरल्यासुरल्या गार चिखलात ती खूर बुडवून उभी राही. पोटाला वाळलेलं रखरखीत गवत, आणि खडकावर पूर्वीसारखी चारदाच जीभ. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला तिला स्वप्नातही गूळ दिसायचा. वारा गुऱ्हाळाकडून आला की तोंडाला पाणी सुटायचं. कोल्हीण तर तोंडावर म्हणाली, "शेफारलीय मेली! आमच्या हातचं हिला चालत नाही." घोडीनं ते ऐकून घेतलं, पण गोडाला तोंड लावलं नाही. एकेक करून प्राणी खिंडीकडे निघून गेले. ओढ्यात तळहाताएवढं डबकं उरलं, तेव्हा कुठं खुरांची आग निवली. घोडी शिंगराला म्हणाली, "चल. हळूहळू जाऊ, पण जाऊच."

चढ उभा होता. घोडी थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा पाऊल उचलायची. शिंगरू पुढं पळायचं आणि परत येऊन तिच्या अंगाला अंग घासायचं. संध्याकाळी दोघं खिंडीच्या माथ्यावर पोचली. खाली नदी चमकत होती. शिंगरू आनंदानं उधळलं, झाडाखाली पडलेला पिवळाधमक रायवळ आंबा त्यानं दातांत अलगद धरून आणला आणि आईपुढं ठेवला. "आई, आपण चढलो! तोंड गोड कर ना."

आजवर कुणी दिलं नसेल इतक्या प्रेमानं दिलेलं होतं ते. घोडीनं आंब्याचा वास घेतला. तिचे डोळे भरून आले. मग तिनं नाकानंच तो शिंगराकडे सरकवला.

"तू खा, बाळा. कोय टाकून दे. मला अजून तुझ्याबरोबर उतरायचंय."

आणि एकेक खूर जपून टाकत ती नदीकडे उतरू लागली.

तात्पर्य : देणाऱ्याला फक्त आपलाच घास दिसतो, सगळ्या घासांचं भान खाणाऱ्यानंच ठेवावं, आणि गरज पडली तर सगळ्यात लाडक्या हातालाही प्रेमानं 'नको' म्हणावं.