लेव्हीची पाटी

फार मागे, जंगलातले प्राणीही गहू पिकवायचे तेव्हा, राजाने दवंडी पिटवली की एका पाटी गव्हाला एक गाडगं मध मिळेल, ही हमी. त्या बदल्यात प्रत्येकाने एक पाटी गहू फुकट लेव्ही म्हणून भरायचा.

साळूबाई साळिंदर पाच पाट्या घेऊन कोठारावर आली. घरी पिल्लू खोकून बेजार झालं होतं, त्याला मध हवा होता.

दुपारी तिचा नंबर लागला. कोठारावरच्या घुशीने गव्हात पंजा घातला. "गार लागतोय. ओला आहे, वाळवून आण."

"अगं, हा तिसरा हेलपाटा! आठ दिवस खडकावर वाळवलाय."

"ओल्याला हमी नाही. लेव्हीची पाटी मात्र ठेवून जा."

"तीही याच राशीतली आहे. मग ती कशी चालते?"

"लेव्हीला तपासणी नसते, बाई. नियमच तसा आहे. माझं डोकं खाऊ नकोस."

साळूबाईचे काटे उभे राहिले. पण पिल्लू आठवलं, आणि तिने मुकाट्याने पाटी पुढे सरकवली.

घुशीने सवयीने त्यातले चार दाणे तोंडात टाकले. कट्ट! रांगेतल्या शेवटच्या सशालाही ऐकू गेलं. दाताखाली असा वाजणारा गहू ओला नसतो, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सगळे घुशीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला गिळता येईना, थुंकता येईना.

"सावकाश खा गं," साळूबाई म्हणाली. "तोवर चार गाडगी मध काढायला सांग. माझं पिल्लू खोकतंय."