लख्ख नकाशा

“आणि जे पुसलंस, ते सगळं आपल्याच आकाशगंगेचं होतं?” इरावतीबाईंनी विचारलं.

निनाद हसला. “दुसरं कुणाचं असणार, बाई?”

रेडिओ दुर्बिणीचं काम त्याला बाईंनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या ओतूरला राहत. आठ वर्षांचं काम दाखवायला तो मुद्दाम आला होता.

विश्वातले पहिले तारे पेटले, तेव्हाच्या हायड्रोजनची रेडिओ लहरींतली क्षीण हाक त्याला शोधायची होती. तिच्यावर आपल्या आकाशगंगेचा हजारोपट गोंगाट. निनादनं तो पुसणारी नवी पद्धत काढली होती. पडद्यावरचा नकाशा लख्ख होता. रिकामा.

“म्हणजे हाक आपण समजत होतो त्याहून कितीतरी क्षीण आहे,” तो म्हणाला. “शोधनिबंध छापायला गेलासुद्धा.”

“एक कर. एक खोटी हाक बनव. मूळ नोंदींत मिसळ. मग तुझ्या पद्धतीनं गोंगाट पूस. हाक उरते का बघ.”

“त्याची काही गरज नाही, बाई.”

बाई पावट्याच्या शेंगा सोलत राहिल्या.

शेवटी त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. खोटी हाक मिसळली. पद्धत चालवली. चहा निवून गेला.

नकाशा पुन्हा लख्ख.

त्यानं हाक दुप्पट केली. मग दहापट...

काही उरलं नाही.

“आठ वर्षं,” तो पुटपुटला. “खरी हाक आलीही असेल. मीच ती...”

“कुणी सांगितलं नव्हतं तुला?”

त्यानं लॅपटॉप मिटला.

“सांगितलं होतं. रुक्साना पटवेकर. माझ्याच गटातली. दर बैठकीत हेच म्हणायची. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणालो, तुझं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. संशोधनच सोडलं तिनं.”

“विचारायला गेलास?”

“नाही... बरंच वाटलं मला तेव्हा.”

बाईंचे हात थांबले.

“मीही एकाला असंच गप्प केलं होतं,” त्या म्हणाल्या. “माफी मागायला त्याच्या घरी गेले, तर भिंतीवर फोटो. फोटोला हार.”

निनादनं फोन उचलला. परत खाली ठेवला.

“तिचा नंबरसुद्धा ठेवला नाही मी, बाई.”

“गाव तरी आठवतं का?”