गौरीच्या कागदी फुलांची कहाणी

ऐका गौराईबाई, तुमच्या कागदी फुलांची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, मन एका जागी ठेवा.

नदीच्या वळणावर एक आटपाट गाव होतं. तिथं येसू नावाची बाई राहत होती. नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर बैल हाकीत परमुलखी जाई, तो दिवाळीला परते. येसू चार घरचं दळण-कांडण करी, मिळेल त्यात भागवी. तिला एकच लेक, ठकू. ती पलीकडच्या गावी मोठ्या घरी दिलेली. घर चांगलं, जावई चांगला, विहीण मात्र कडक.

भादवा आला. गौरी आल्या, घरोघर लेकी माहेरी आल्या. येसूनं निरोप धाडला, "ठकूला पाठवा." विहीण म्हणाली, "तुमच्या गौरीपुढं आरास नाही, फूल नाही, पान नाही. आमची सून उघड्या भिंतीपुढं बसवू काय? पाठवत नाही." एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी निरोप धाडला, तेच उत्तर आलं. तिसऱ्या वर्षी धाडला, तेच उत्तर आलं. तिन्ही वर्षं येसूनं दोन पानं वाढली. एकावर आपण जेवली, दुसरं गाईला घातलं.

मग चौथ्या वर्षी श्रावण लागला. पहिला शुक्रवार आला. सकाळी येसू चूल पेटवीत होती, तो दारात एक म्हातारी सवाष्ण आली. कपाळभर कुंकू, पायांत धूळ. म्हणाली, "बाई, पाणी देतेस का?" येसूनं पाट मांडला, पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. म्हातारी पाणी प्याली. मग विचारलं, "चुलीत काय घालतेस गं?"

"पुड्यांचे कागद आहेत आजी. जाळ धरायला बरे पडतात."

"आणि गौरीची भिंत अशी उघडी का?"

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं झालं गेलं सगळं सांगितलं. म्हणाली, "मळ्यातली फुलं राजवाड्यात जातात. माझ्या वाट्याला कुठून यावीत?"

म्हातारी म्हणाली, "मग ते कागद चुलीतून काढ आणि मी सांगते तसं कर. कणकेची खळ शिजव. एका वाटीत हळद कालव, एकीत कुंकू, एकीत पाल्याचा रस. कागद रंगव, वाळव. चार घड्या घाल, कड गोल काप, मध्ये दोऱ्यानं आवळ. मग पाकळी पाकळी उलगड. केरसुणीचा हीर घे, तो देठ." येसूनं तसं केलं. पहिलं फूल वाकडं झालं, दुसरं फाटलं, तिसरं शेवंतीसारखं उमललं. येसू त्याच्याकडे बघतच राहिली.

"आजी, याचा नेम काय?"

"श्रावणातल्या शुक्रवारी हा वसा घ्यावा. कागद विकत आणू नये. घरात आलेला, टाकून द्यायचा, तोच घ्यावा. आणि पाकळी उलगडताना तो ज्याच्या हातून आला त्याचं नाव घ्यावं, त्याचं भलं चिंतावं. फूल साधो न साधो, नाव चुकवू नये. हात भरले तरी विसरू नकोस, धरलेला वसा सोडू नकोस." असं म्हणून म्हातारी उठली, वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

मग येसूनं वसा धरला. पहिल्या शुक्रवारी गूळ-मिठाच्या पुड्यांची फुलं केली, वाण्याचं नाव घेतलं. दुसऱ्या शुक्रवारी जुन्या पंचांगाची पानं मिळाली. देवादिकांची नावं बाजूला ठेवली, कोऱ्या कडांची साखळी केली, भटजींचं नाव घेतलं. तिसऱ्या शुक्रवारी बांगड्यांभोवतीचा पातळ गुलाबी कागद निघाला. त्याचं कमळ केलं. "हौसा कासारीण, तुझं भलं होवो, हौसा कासारीण, तुझं भलं होवो," असं म्हणत बसली.

हौसा शेजारीच राहत होती. तिनं भिंतीआडून ऐकलं. आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. "काय गं, माझं नाव कशाला जपतेस?" येसूनं कमळ दाखवलं. हौसा आत आली, मांडी घालून बसली, म्हणाली, "कात्री इकडे दे. तुझी कड तिरपी जाते."

चौथ्या शुक्रवारी हौसाबरोबर आणखी बाया आल्या. कोणी कागद आणले, कोणी हीर आणले, कोणी नुसतंच बसायला आल्या. गौरीचा दिवस उजाडला तेव्हा भिंत झेंडूनं, शेवंतीनं, कमळांनी भरली होती. बातमी पलीकडच्या गावी गेली. विहिणीनं माणूस पाठवून खात्री केली आणि ठकूला गाडीत बसवलं. ठकू आली, भिंतीपुढं उभी राहिली, म्हणाली, "आई, हे सगळं तू केलंस?" येसू म्हणाली, "मी नाही बाळे, गावानं केलं." त्या वर्षी दोन्ही पानांवर माणसं जेवली.

पुढं वर्ष फिरून आलं. येसूच्या हाताची कीर्ती राजवाड्यात गेली. राणीनं बोलावणं धाडलं, "आमच्या गौरीची आरास तू कर." सोनेरी कागद दिला, रुपेरी कागद दिला, बसायला गालिचा दिला. श्रावणाचे शुक्रवार आले. येसू सोनेरी पाकळ्या कापीत बसली. कागद कुणाचा, आणला कुणी, तिला ठाऊक नाही, तिनं विचारलंही नाही. नाव घ्यायचं राहून गेलं.

एके दिवशी हौसा आली. पदराआडून कागदांची जुडी काढली. "वर्षभर जपून ठेवलेत गं तुझ्यासाठी." येसू म्हणाली, "हौसाबाई, असले चुरगळलेले कागद आता कोण घेतं?" हौसानं जुडी पदराखाली घेतली आणि गेली.

गौरी येण्याचा दिवस उजाडला. येसूनं घराला कुलूप लावलं, मनाशी म्हणाली, दुपारपर्यंत परतते. राजवाड्यात आरास बांधली. गौरी बसली, शंख वाजला. पहिलं फूल गळलं. येसूनं चिकटवलं. दुसरं गळलं. तेही चिकटवलं. तिसरं गळलं ते थेट मुखवट्यावर पडलं. मग एकामागून एक सगळीच गळू लागली. खळ तीच, हात तेच, पण एक पाकळी ठरेना. राणी म्हणाली, "बाई, राहू दे आता. तू आपल्या घरी जा."

दिवेलागणीला येसू घरी आली. तिच्या उंबऱ्यावर हौसा बसली होती, मांडीवर एक पुडा.

"ठकू आली होती," हौसा म्हणाली. "कुलपाकडे बघत दोन प्रहर बसली. मी भात वाढला, तिनं चार घास खाल्ले. मग गाडीवान थांबेना, गेली परत. विहिणीनं करंज्या दिल्यात, या घे."

येसू तिच्यापुढं जमिनीवर बसली. म्हणाली, "हौसा, मी तुला टाकून बोलले आणि तू माझ्या लेकीला जेवू घातलंस."

"बोललीस खरी. मला लागलंही. पण पोरगी उपाशी होती."

येसूनं तिचे पाय धरले. हौसानं पाय मागे घेतले, आपल्या घरात गेली आणि तीच जुडी घेऊन आली. दोघी सकाळी उठल्या, खळ शिजवली. येसूनं पहिलं फूल हौसाच्या नावानं केलं. ज्या हातानं लेकीला भात मिळाला त्या हाताचं नाव घेतलं. मग करंज्यांचा कागद उलगडला. त्याला तूप लागलेलं, रंग काही धरेना. तसंच त्याचं फूल केलं, फिकट, आरपार दिसणारं. ते पदरात घेतलं आणि येसू चालत विहिणीच्या गावी निघाली.

विहीण ओटीवरच होती. म्हणाली, "आता कशाला आलात? काल माझी सून कुलपापुढं बसून आली."

"विहीणबाई, चूक माझी. रागवा, पण हे घ्या. तुम्ही करंज्या दिल्यात त्या कागदाचं फूल आहे. पाकळी पाकळीला तुमचं नाव घेतलं."

"माझं नाव तुम्हाला कुठं ठाऊक?"

"लग्नात याद्या झाल्या तेव्हा ऐकलं होतं. द्वारका."

विहिणीनं फूल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, "या घरात आल्याला बत्तीस वर्षं झाली. सासूबाई म्हणतात, काकू म्हणतात, मालकीणबाई म्हणतात. द्वारका म्हणून कोणी भलं चिंतलेलं आठवत नाही." तिनं ते फूल आपल्या गौरीच्या पायाशी ठेवलं. मग म्हणाली, "आज गौरी जेवायच्या. तुम्हीही जेवा. आणि ठकूला आठ दिवस घेऊन जा."

ठकू माजघराच्या दाराआड उभी होती. लगेच पुढं आली नाही. येसू तिच्याजवळ गेली. ठकू म्हणाली, "आई, मी कुलूप ओढून पाहिलं. वाटलं, नुसतंच अडकवलं असशील."

येसू म्हणाली, "नाही बाळे, खरंच लावलं होतं. राजवाड्याच्या नादात मीच विसरले होते." तिनं लेकीला पोटाशी धरलं. मग ठकू रडली, आणि येसूही रडली.

जेवून दोघी गावी आल्या. हौसानं येसूच्या घरी गौर बसवून ठेवलेली, भिंतीवर तिच्याच जुडीची फुलं. तिघींनी आरती केली. दुसऱ्या दिवशी गौर नदीवर गेली, ठकू मात्र राहिली. दिवाळीला नवरा परतला तो स्वतःची बैलजोडी घेऊन. राणीच्या कानी सगळं गेलं. पुढल्या श्रावणात तिनंही वसा धरला आणि पहिलं फूल केलं ते कागद आणून देणाऱ्या दासीच्या नावानं. ते गळलं नाही.

जशी गौराई येसूला प्रसन्न झाली, तशी तुम्हा आम्हा होवो. टाकल्या कागदाला फूल येवो, दिल्या हाताचं नाव ओठी राहो, लेकीला माहेरचं दार उघडं मिळो. साठा बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ती इथं सुफळ झाली, संपूर्ण झाली.